यादी कुणी केली?

2014 च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या लोकांपुढे सहा प्रश्न ठेवण्यात आले. पर्यावरणाला धक्का न लावता विमानं कशी उडवायची? सगळ्यांना सकस अन्न कसं मिळेल, आणि तेही जमिनीचा कस न घालवता? सगळ्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी कसं पुरवायचं? पक्षाघाताने जखडलेल्या माणसाला पुन्हा हालचाल कशी करता येईल? स्मृतिभ्रंश झालेल्यांना जास्तीत जास्त काळ स्वतःचं स्वतः कसं जगता येईल? आणि अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंना आवर कसा घालायचा? यातला एक निवडा, म्हणजे त्याच्या उत्तरासाठी एक कोटी पौंड, तेव्हाच्या दराने साधारण शंभर कोटी रुपये, बाजूला ठेवू, असं सांगण्यात आलं. नेस्टा ही संस्था आणि सरकारचा नवसंशोधन विभाग यांचे पैसे, बीबीसीच्या ‘होरायझन’ या विज्ञान मालिकेचा मंच आणि महिनाभर चाललेलं मतदान. 25 जूनला निकाल लागला. लोकांनी अँटिबायोटिकचा प्रश्न निवडला होता.

विज्ञानाचं लोकशाहीकरण म्हणून या ‘लाँजिट्यूड प्राइझ’चं, म्हणजे रेखांश बक्षिसाचं, बरंच कौतुक झालं. 2013 मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ही कल्पना मांडली तेव्हा त्यांनी टीव्हीवरच्या टॅलेंट शोचा दाखला दिला होता, यावरून तिचा सूर लक्षात येईल. माझं म्हणणं असं की लोकांना विचारलं यात काहीच चूक नव्हती. चूक झाली ती कुठे विचारलं यात. ज्या दोन ठिकाणी खरे निर्णय झाले तिथे मतदान नव्हतं, आणि मतदान जिथे होतं तिथे निवडण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं.

आधी नेहमीचा आक्षेप बाजूला करू. सामान्य माणसाला विज्ञानातलं काय कळतं, तो ज्याने डोळ्यांत पाणी येईल त्यालाच मत देणार, असं म्हणणारे सगळीकडे असतात. दोन वर्षांनी त्यांच्या हाती आयतं कोलीतही मिळालं. 2016 मध्ये ब्रिटनच्या ध्रुवीय संशोधन जहाजाला नाव सुचवा म्हटल्यावर लोकांनी सव्वा लाखाच्या आसपास मतांनी ‘बोटी मॅकबोटफेस’ हे नाव पहिलं आणलं, आणि सरकारने मुकाट्याने जहाजाला सर डेव्हिड अॅटनबरो यांचं नाव देऊन टाकलं. पण नाव ठेवणं हा गमतीचाच मामला होता आणि लोकांनी तो गमतीनेच घेतला. पैसे खरे होते तेव्हा त्यांनी काय केलं? सहा प्रश्नांपैकी टीव्हीवर दाखवायला सगळ्यात अवघड असा प्रश्न उचलला. चाकाच्या खुर्चीतून उठणारा तरुण दाखवता येतो. नातवंडांना न ओळखणारी आजी दाखवता येते. औषधाला दाद न देणारा जंतू कसा दाखवणार? काचेच्या बशीत पिवळट ठिपके, एवढंच.

तेव्हा लोक भावनेच्या भरात वाहवत जातात हा आक्षेप इथे तरी लागू पडत नाही. पण म्हणून लगेच लोकांच्या शहाणपणाच्या आरत्या ओवाळायचंही कारण नाही. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस 2013 पासून या संकटाबद्दल जाहीरपणे बोलत होत्या, अगदी टाइमबॉम्बची भाषा वापरून. जागतिक आरोग्य संघटनेचा या विषयावरचा पहिला जागतिक अहवाल 30 एप्रिल 2014 ला आला, म्हणजे मतदान सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी. वर्तमानपत्रं त्याच बातम्यांनी भरलेली होती. लोकांनी मत दिलं ते ऐकून, वाचून, विचार करून दिलं. फक्त जे ऐकलं ते तज्ज्ञांकडूनच ऐकलं होतं. अशा मतदानातून लोकांचा कौल कळतो, तितकाच आधीच्या वर्षभरात कुणाचा आवाज लोकांपर्यंत पोचला हेही कळतं. पाण्यासाठी तसा आवाज कुणी लावला असता तर कदाचित पाणी जिंकलं असतं.

आता यादीकडे येऊ. ती ब्रिटनचे तेव्हाचे राजखगोलज्ञ मार्टिन रीस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. समितीतल्या माणसांच्या योग्यतेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण क्षय त्या यादीत नव्हता, मानसिक आजार नव्हते, सर्पदंश नव्हता, प्लॅस्टिकचा कचरा नव्हता. यादीत जे नाही त्याला मत देता येत नाही. शिवाय जे सहा होते ते एकमेकांशेजारी ठेवून तोलायचे तरी कसे? विमानाच्या एका नव्या इंजिनाच्या विकासालाच अब्जावधी लागतात. तिथे एक कोटी पौंड म्हणजे दर्या में खसखस. उलट एखाद्या तपासणी यंत्रासाठी तीच रक्कम भरभक्कम. एवढ्या पैशाने कुठे फरक पडेल हा प्रश्न हिशेबाचा आणि तंत्राचा आहे, तो जाणकारांनीच सोडवावा. कुणाचं दुखणं आधी, हा प्रश्न मात्र लोकांचा. त्या मतपत्रिकेत हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवलेले होते आणि मतदाराला दोहोंचं उत्तर एकाच टिचकीत द्यायचं होतं.

ज्या जुन्या बक्षिसाच्या त्रिशताब्दीनिमित्त हा घाट घातला गेला, त्याच्याकडे पाहिलं तर गंमत वाटते. 1714 साली ब्रिटिश संसदेने रेखांशाचा कायदा केला. समुद्रात आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून कळायचं, पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायचं नाही. 1707 मध्ये अॅडमिरल शॉव्हेलच्या ताफ्यातली चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. कायद्यासाठी कुठलंही मतदान झालं नाही. त्या काळात बहुतेकांना मताचा अधिकारच नव्हता. पण संसदेकडे अर्ज घेऊन कोण गेलं होतं? जहाजांचे कप्तान आणि लंडनचे व्यापारी. ज्यांची माणसं आणि माल बुडत होता त्यांनीच प्रश्न दाराशी आणून टाकला. यादी वगैरे भानगडच नव्हती.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बक्षिसाच्या अटी कायद्यातच लिहिलेल्या होत्या, आकड्यांत. वेस्ट इंडिजपर्यंतच्या सफरीनंतर चूक अर्ध्या अंशाच्या आत असेल तर 20,000 पौंड, दोन तृतीयांश अंशाच्या आत असेल तर 15,000, एका अंशाच्या आत असेल तर 10,000. कुठल्याही खलाशाला कळावी अशी अट. कोण सोडवणार यावर बंधन नाही. संसदेने सल्ला विचारला तेव्हा न्यूटनने घड्याळाचा मार्ग अवघड ठरवला होता: जहाजाचे हेलकावे, थंडी-उष्णता, दमटपणा यांत टिकेल असं घड्याळ अजून बनलेलं नाही, असं त्याचं मत. ते घड्याळ बनवलं यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या पोराने. 1761 च्या जमैका सफरीत त्याचं चौथं घड्याळ 81 दिवसांत जेमतेम पाच सेकंद मागे पडलं.

तरीही हॅरिसनला पैसे मिळता मिळता तो म्हातारा झाला. कायद्यात आकड्यांशेजारी आणखी एक अट होती, की रीत प्रत्यक्ष वापरता येण्याजोगी आणि उपयोगी हवी. हे ठरवायचं कुणी, तर रेखांश मंडळाने. मंडळ म्हणालं, एक घड्याळ चाललं म्हणजे रीत सिद्ध झाली असं नाही. पुन्हा सफर करा, घड्याळ उघडून दाखवा, दुसऱ्यांना तसंच बनवता येतं का ते पाहू. 1765 मध्ये 10,000 पौंड हाती पडले, आणि उरलेल्यासाठी राजा तिसरा जॉर्ज मध्ये पडल्यावर 1773 मध्ये संसदेने 8,750 पौंड दिले. तेव्हा हॅरिसन ऐंशी वर्षांचा होता. मंडळ सगळंच चुकीचं बोलत होतं असं मला वाटत नाही. एकाच कारागिराच्या हातून बनणाऱ्या घड्याळाने नौदल चालत नाही. मला लक्ष वेधायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीकडे. बक्षिसात खरी सत्ता असते ती अटी लिहिणाऱ्याच्या आणि त्या अटींचा अर्थ लावणाऱ्याच्या हाती.

2014 च्या बक्षिसात ही सत्ता कुठे होती? लोकांपुढचा प्रश्न व्यापक होता: औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ कशी रोखायची. बक्षीस मात्र होतं एका चाचणीला. दवाखान्यात, रुग्णाच्या समोर, झटपट आणि स्वस्तात सांगणारी चाचणी, की संसर्ग जंतूंचा (म्हणजे बॅक्टेरियाचा, विषाणूचा नव्हे) आहे का, आणि असेल तर कुठलं औषध लागू पडेल. चाचणीच का, याला चांगलं कारण आहे. नवं अँटिबायोटिक शोधून बाजारात आणायचा खर्च या बक्षिसाच्या कितीतरी पट. त्या मानाने चाचणी आवाक्यातली. आणि डॉक्टरला नेमकं निदान हाती मिळालं तर विनाकारण दिलेली औषधं कमी होतील, हा तर्कही सरळ आहे.

पण प्रश्नाचा तो एकच धागा झाला. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून मिळणाऱ्या गोळ्या, कोंबड्यांना वाढीसाठी चारली जाणारी अँटिबायोटिक, रुग्णालयातल्या न धुतलेल्या हातांतून या खाटेवरून त्या खाटेवर जाणारे जंतू, औषध कारखान्यांचं सांडपाणी. हैदराबादजवळच्या पटनचेरूमधल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना 2007 मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं प्रमाण लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळलं होतं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही ते इतकं नसतं. यातल्या कशालाही चाचणी हात लावू शकत नाही. लोकांनी संकट निवडलं होतं. त्यातला कुठला तुकडा बक्षिसाला पात्र, हे तज्ज्ञांनी ठरवलं. त्या टप्प्यावर जाणकारांच्या सूचना मागवल्या गेल्या, पण टीव्ही नव्हता, मतदान नव्हतं आणि कुणाला त्याची फारशी खबरही नव्हती.

मूळ मुदत पाच वर्षांची होती, लागली दहा. जून 2024 मध्ये त्या एक कोटीपैकी 80 लाख पौंडांचं बक्षीस स्वीडनमधल्या उप्साला इथल्या सिस्मेक्स अॅस्ट्रेगो या कंपनीच्या यंत्राला मिळालं. लघवीचा थेंब बारीक नळ्यांच्या एका चिपवर जातो, त्यात अडकलेले जंतू वेगवेगळ्या औषधांच्या सान्निध्यात वाढतात की थांबतात हे सूक्ष्मदर्शकातला कॅमेरा एकेक जंतू पाहून टिपतो. संसर्ग आहे की नाही ते पंधरा मिनिटांत, कुठलं औषध चालेल ते पाऊण तासात. एरवी कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात. काम सुंदर आहे, याबद्दल दुमत नको.

पण ही चाचणी मूत्रमार्गाच्या संसर्गापुरती आहे, आणि तसं का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. संसर्ग झालेल्या माणसाच्या एका मिलिलिटर लघवीत लाखभर किंवा त्याहून जास्त जंतू असतात. रक्तात जंतुसंसर्ग भिनलेल्या रुग्णाच्या एका मिलिलिटर रक्तात अनेकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. लघवी मिळवायला सुईही लागत नाही. स्पर्धा जिंकायची असेल तर शहाणा माणूस लघवीकडेच वळणार. आणि माणसं मरतात ती प्रामुख्याने फुप्फुसातल्या, रक्तातल्या, पोटातल्या संसर्गाने. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या मोठ्या जागतिक अभ्यासानुसार 2019 मध्ये थेट अशा जंतूंमुळे 12 लाख 70 हजार माणसं दगावली. आपल्याकडच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात जी लढाई चालू असते, ती या चिपवर लढता येत नाही.

इथे मतदार कोण होता हा मुद्दा येतो. मत ब्रिटनच्या लोकांचं, आणि संकटाचा जास्त भार आफ्रिकेवर आणि दक्षिण आशियावर. आयोजकांना याची जाण नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. भारत सरकारच्या बायरॅक या संस्थेशी भागीदारी करून त्यांनी इथल्या संघांना सुरुवातीचे पैसे मिळवून दिले. पुण्याची मॉड्यूल इनोव्हेशन्स ही कंपनी त्यांतली एक, आणि तिची क्रेडिट कार्डाएवढी पट्टीही मूत्रमार्गाच्या संसर्गासाठीच होती. म्हणजे सहभाग आपला होता. पण स्पर्धक म्हणून. यादी करताना नव्हता, अटी लिहितानाही नव्हता.

समजा असता, तर? तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या कुणाही डॉक्टरला विचारा. कल्चर लावायचं म्हणजे नमुना शहरात पाठवा, पैसे भरा, दोन दिवस थांबा. रुग्ण रोजंदारीवरचा, त्याला उद्या कामावर जायचं असतं. डॉक्टर अंदाजाने गोळ्या लिहून देतो, आणि त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपणही तेच केलं असतं. इथल्या माणसाने अट लिहिली असती तर ती बहुधा अशी असती: चाचणी गोळ्यांच्या एका पाकिटापेक्षा स्वस्त हवी, वीज गेली तरी चालायला हवी, नर्सला करता यायला हवी. ‘परवडणारी’ असं अटीत लिहिणं सोपं आहे. कुणाला परवडणारी हे लिहिलं की स्पर्धकांची अर्धी गर्दी दुसरीकडे वळते.

मग लोकांना विचारायचं तरी कसं? जगात याचे बरे नमुने आहेत. नेदरलँड्सने 2015 मध्ये राष्ट्रीय विज्ञान कार्यक्रम ठरवताना नागरिकांना यादी दिली नाही, प्रश्न मागितले. 11,700 च्या आसपास प्रश्न आले. ते चाळून, एकत्र करून 140 मोठे प्रश्न तयार केले. चाळण तज्ज्ञांचीच होती, पण त्यात काय पडणार हे लोकांनी ठरवलं. ब्रिटनमध्येच 2004 पासून जेम्स लिंड अलायन्सच्या पद्धतीने रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर एका टेबलाभोवती बसून एकेका आजारातले पहिले दहा अनुत्तरित प्रश्न ठरवतात. ही उठाठेव कशासाठी, याचं उत्तर 2000 साली ‘लॅन्सेट’मध्येच आलं होतं. गुडघ्याच्या संधिवातावरचं संशोधन तपासलं तर बहुतेक सगळं औषधांवर. रुग्णांना विचारलं तर ते म्हणत होते, गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगा, आजार कसा सांभाळायचा ते शिकवा. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

यावर दोन हरकती आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. टेबलाभोवती बसायला ज्यांना वेळ आहे, ज्यांची संघटना आहे, ज्यांना बोलता येतं, तेच येतात. मतदानात निदान प्रत्येकाचं मत सारखं. दुसरी, मतदानामुळे महिनाभर एका देशाने टीव्हीसमोर बसून अँटिबायोटिकबद्दल ऐकलं, ती जागृती कुठल्या टेबलाभोवती झाली असती? दुसरी हरकत मी पूर्ण मान्य करतो, एका सूचनेसह: मग त्याला जागृती मोहीम म्हणा, लोकांनी निर्णय घेतला असं म्हणू नका. पहिलीचं उत्तर इतकं सोपं नाही. नोंदींमधून चिठ्ठ्या टाकून माणसं बोलवावी लागतील, बुडालेली मजुरी भरून द्यावी लागेल, त्यांच्या भाषेत बोलावं लागेल. खर्च येईल. मतदानाच्या कार्यक्रमालाही येतोच की.

आपल्याकडे हा वाद अजून सुरूच झालेला नाही. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला, त्यातला मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून अपेक्षित. पंतप्रधान नियामक मंडळाचे अध्यक्ष, आणि शास्त्रज्ञ, सरकार, उद्योग यांची जागा कायद्यातच आखलेली. ज्यांच्या दुखण्यावर हे संशोधन व्हायचं त्यांना खुर्ची कुठे, हा प्रश्न संसदेतल्या चर्चेत ठळकपणे यायला हवा होता. लोकप्रतिनिधी आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत. पण कुठला आमदार-खासदार आपल्या मतदारसंघात, संशोधनाचा पैसा कशावर खर्चावा असं विचारायला गेलाय, हे मला तरी माहीत नाही.

त्या सहा प्रश्नांपैकी हरलेल्या एकाची पुढची हकीकत इथे उपयोगी पडेल. स्मृतिभ्रंशाचा प्रश्न 2022 मध्ये वेगळ्या बक्षिसाच्या रूपाने परत आला. पैसे अल्झायमर्स सोसायटी आणि सरकारी नवसंशोधन विभागाचे, आयोजनात पुन्हा नेस्टाची माणसं. या वेळी मतदान घेतलं नाही. त्याऐवजी स्मृतिभ्रंशासह जगणाऱ्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्या माणसांचं सल्लागार मंडळ नेमलं. घरात वापरायचं उपकरण असेल तर ते त्यांना कळतंय का, नकोसं वाटतंय का, हे त्यांनी सांगायचं. त्याच धर्तीवर भारतातल्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी कुणी बक्षीस काढलं, तर अटी लिहायला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागातली रात्रपाळीची नर्स बसवावी, तालुक्यातला मेडिकल दुकानदार बसवावा, एक कुक्कुटपालक बसवावा, आणि वर्षातून चार वेळा लघवीच्या त्रासाने गोळ्या घेणारी एखादी बाई बसवावी. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी बसतील आणि यातलं काय शक्य आहे ते सांगतील. टीव्हीचे कॅमेरे त्या बैठकीत आणायचे असतील तर जरूर आणावेत.